विंचवाचे बिऱ्हाड

आमच्या विभागातून निवृत्त झालेल्या सरांनी एका रविवारी आम्हां दोघांना होटगी रस्त्यावरील एका कारखान्यात बोलावून घेतले. कारखाना कसला, पत्र्याची शेड. उसाच्या वाहतुकीसाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणे हा तिथला मुख्य उद्योग. सरांना मात्र आपल्या मोटारीमागे जोडून नेता येईल असे लहानसे घर बनवून घ्यायचे होते. दोन माणसांनी पाय पसरून निजावे, सकाळी चहा आणि रात्री खिचडी करता यावी, आणि बदामी, ऐहोळे, हंपी करत जमल्यास थेट समुद्रापर्यंत जावे, एवढीच अपेक्षा. काकूंना गुडघ्यांमुळे भक्तनिवासांचे जिने चढवत नाहीत आणि परक्या अंथरुणावर झोप लागत नाही. लोखंड, चाके, पत्रा यांविषयी आमचे ज्ञान शून्य. आम्हांला बोलावले होते ते वेगळ्याच कामासाठी. ‘याला मराठीत काय म्हणायचे ते सांगा,’ सर म्हणाले, ‘मागच्या पत्र्यावर रंगाने लिहून घ्यायचे आहे.’

प्रश्न सोपा वाटला आणि आम्ही त्यात अडकलो. ‘कॅराव्हॅन’ हा शब्द फारसीतून युरोपात गेला आणि इंग्रजीमार्गे आपल्याकडे परत आला. महाराष्ट्र शासनाच्या २०२१ सालच्या पर्यटन धोरणातही तो तसाच आहे. ‘फिरते घर’ म्हणावे तर फिरत्या वाचनालयाची आठवण होते. ‘दमणी’ हा शब्द गोड. माणसांनी बसून जाण्यासाठी छप्पर घातलेली बैलगाडी ती दमणी. पण दमणीत कोणी राहत नसे. उरला ‘बिऱ्हाड’. तो काकूंनी उच्चारताच सर हसले आणि म्हणाले, ‘म्हणजे विंचवाचे!’

इथे आम्ही थबकलो. मुक्काम हलवण्यासंबंधीचे आपले वाक्प्रचार एकेक करून आठवू लागलो, तर बहुतेकांत कुचेष्टा भरलेली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. चंबूगबाळे आवरले जाते ते हाकलून दिल्यावर. गाशा म्हणजे खोगिरावरचे वस्त्र, पण ज्याचा डाव फसला त्यालाच ‘गाशा गुंडाळावा’ लागतो. जो आज इथे आणि उद्या तिथे, त्याला ना घर ना दार. स्थिर गावाने, वेशीच्या आत बसून, वेशीबाहेरून जाणाऱ्याकडे पाहत घडवलेली ही भाषा आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) आम्ही वर्षानुवर्षे आदराने वाचत आणि शिकवत आलो आहोत. त्या ग्रंथाच्या नावातच गाडा आहे, मात्र हा गाडा कुठेही जात नाही! उलट, फिरस्त्यांविषयी लिहिताना त्या सूक्ष्मदृष्टीच्या लेखकाची लेखणी कठोर होते. ते महसूल खात्यातले अधिकारी होते आणि त्याआधी, १९११ साली, त्यांनी ‘गुन्हेगार जाती’ या नावाचे पुस्तकही लिहिले होते. या सालाकडे पुढे परत यावे लागेल.

वास्तविक तंबू-सामान घेऊन हिंडणे या जिल्ह्याला नवे नाही. इंग्रजी अमदानीत कलेक्टर आणि त्याचे साहाय्यक दिवाळीनंतर दौऱ्यावर निघत. तंबूंचे दोन संच ठेवण्याची पद्धत असे. साहेब एका तंबूत निजलेला असताना दुसरा संच गाड्यांवर लादून रात्रीतून पुढच्या मुक्कामी पोहोचवायचा, म्हणजे सकाळी घोड्यावरून उतरताच न्याहारी तयार. खाट, मेज, न्हाणीचे टमरेल, कागदपत्रांच्या पेट्या, सगळे काही बरोबर. गाड्या आणि बैल गावकऱ्यांचे. ‘वेठीस धरणे’ हा आपण आज सहज वापरतो तो शब्दप्रयोग अशाच व्यवहारांतून आला आहे.

दुसरे उदाहरण आषाढीचे. ज्ञानोबांची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते, तुकोबांची अकलूजपाशी. ज्ञानेश्वरांच्या पालखीला आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी दिले, आणि अंकलीच्या शितोळे सरकारांनी तिला घोडे आणि तंबू पुरवले. आज दिंडीबरोबर सामानाचा ट्रक असतो आणि पाण्याचा टँकर असतो. भिशी भरलेल्या वारकऱ्याची वळकटी सकाळी ट्रकवर चढते आणि संध्याकाळी तळावर राहुटीपाशी त्याची वाट पाहत असते. साहेबाच्या दुहेरी तंबूंचेच हे गणित, फक्त वेठ वजा केलेली. निवृत्तीनंतर उघड्यावर मुक्काम करत हिंडण्याची हौस ज्यांना ‘परदेशी थेर’ वाटते, त्यांनी वाखरीच्या तळावर एकदा चक्कर टाकून तिथल्या माणसांची वये विचारावीत. दि. बा. मोकाशींचे ‘पालखी’ (१९६४) पुन्हा वाचले तरी चालेल.

तरीही सरांच्या मनातली वस्तू दिंडीच्या ट्रकपेक्षा वेगळी आहे, हे मान्य करावे लागते. तिचा मूळपुरुष विलायतेतला. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारातून निवृत्त झालेले शल्यचिकित्सक. मुलांसाठी साहसकथा लिहीत. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या एका गाडीकारखान्याकडून केवळ हौसेने राहण्या-फिरण्यासाठी एक घोडागाडी बनवून घेतली. नाव ‘वॉन्डरर’, म्हणजे भटक्या. लांबी सुमारे अठरा फूट, भरल्यावर वजन जवळजवळ दोन टन, ओढायला दोन घोडे. सोबत गाडीवान, एक नोकर आणि कुत्रा. हा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता पाहून येई. ट्वायफर्ड गावाहून ते थेट उत्तर स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत गेले आणि पुढच्याच वर्षी या प्रवासाचे पुस्तक लिहून मोकळे झाले. हौशी कॅराव्हॅनचा इतिहास सहसा इथून सुरू केला जातो, आणि १९०७ साली इंग्लंडात तिचा क्लबही निघाला.

स्टेबल्स यांच्या गाडीचे प्रारूप मात्र रस्त्यावर आधीपासूनच होते. इंग्लंडातले रोमा लोक, ज्यांना तिथे जिप्सी म्हणत, अशा घरगाड्यांतून राहत असत. हे लोक इजिप्तहून आले असा तिथे गैरसमज होता, आणि त्यांना देशाबाहेर घालवण्याचा कायदा १५३० सालीच झाला होता. रोमा मूळचे आपल्याकडचे. त्यांची भाषा आपल्या भाषांची दूरची बहीण. त्यांचे घर त्यांच्याकडे असताना संशयास्पद होते. निवृत्त डॉक्टरने महोगनी लाकडात बनवून घेतल्यावर ते कौतुकाचा विषय झाले.

ही विलायतेची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती, पण सोलापूरकराला ती सोय नाही. ‘वॉन्डरर’ तयार होण्याच्या चौदा वर्षे आधी, १८७१ साली, त्याच साम्राज्याने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो प्रथम उत्तरेकडे लागू झाला; १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाखाही त्याखाली आला. (आत्र्यांच्या पुस्तकाचे साल तेच.) त्यानंतर विजापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या आणि त्यांतली एक मोठी सोलापुरात. ओ. एच. बी. स्टार्ट हा सनदी अधिकारी या खात्याचा प्रमुख होता. सोलापूरच्या वसाहतीची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. कैकाडी, पारधी, टकारी, मांग-गारुडी अशा जमातींची कुटुंबेच्या कुटुंबे तारेच्या कुंपणात आणली गेली. हजेरी द्यायची, परवान्यावाचून बाहेर जायचे नाही. बाहेर जायचे ते बहुधा गिरणीत. सोलापुरात जुनी मिल १८७७ पासून चालू होती, पाठोपाठ इतर गिरण्या निघाल्या, आणि गिरण्यांना हात हवेच होते.

व्यवस्थापकांचा हेतू सुधारणेचा होता असे सांगितले जाते, आणि शाळा, दवाखाना या गोष्टी तिथे होत्या हे खरेही आहे. आमचा आक्षेप त्यापलीकडचा आहे. ज्या माणसाचे घर गाढवाच्या पाठीवर मावते, त्याच्या हातून काही घडण्याआधीच त्याच्यावर आरोप सिद्ध झाला होता, आणि त्याच्या पोटी जन्मलेल्या मुलावरही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) कैकाडी कुटुंबाचे बिऱ्हाड गाढवांवर लादून या गावाहून त्या गावाला जाते, ते पुस्तक वर्गात शिकवताना आम्ही ‘भटकंती’ हा शब्द किती बेफिकिरीने वापरला, ते आता आठवून संकोच वाटतो. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली रद्द झाला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर. कुंपण गेले, वस्त्या राहिल्या. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव शहराच्या पत्त्यांत आजही आहे. त्यांच्यापुढे क्रमांक असतात. तिथून आमच्या महाविद्यालयात येणारी मुले पत्ता लिहिताना कधी कधी पहिला शब्द गाळतात.

हे सगळे आम्ही सरांना कारखान्यातच सांगितले असे नाही. तिथे वेगळेच शिक्षण चालू होते, आणि ते आमचे होत होते. शेडचा मालक सरांना सांगत होता, ‘सर, पलंग मागं टाकला की गाडी उलार होणार.’ उलार! बैलगाडीचा हा शब्द आम्ही ग्रामीण कादंबऱ्यांच्या शब्दार्थसूचीत पाहिला होता. मागे भार जास्त झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त झाला तर मान दबते. मोटारीमागच्या ट्रेलरचे शास्त्रही हेच. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडाच्या आकड्यावर यावा. त्याहून फार कमी झाला तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो आणि मोटारीलाही ओढून नेतो. म्हणून पन्नास लिटर पाण्याची टाकी, म्हणजे पन्नास किलो, आखाच्या किंचित पुढे बसवली. गॅसची लहान टाकी बाहेरच्या जाळीच्या पेटीत. दोन चाके, एकच आख. काकूंनी मागितलेली ओट्याची जाड फरशी नामंजूर, जोंधळ्याच्या पिठाचा डबा मंजूर.

भिंती सुरुवातीला नुसत्या पत्र्याच्या होणार होत्या. सोलापूरच्या वैशाखात पत्र्याच्या पेटीत बसणे म्हणजे काय, हे मालकाच्या शेडमध्येच कळत होते. मग आत फोम असलेली पफची तावदाने आली, छताला झरोका आला. सरांच्या मुलाने पुण्याहून वातानुकूलन यंत्राचा आग्रह धरला. त्यावर सरांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला : बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे बाराशे वॅट-तास, तीस वॅटचा पंखा दहा तास चालला तर तीनशे संपतात, हजार वॅटचे यंत्र सगळी बॅटरी तासाभरात रिकामी करते. तेव्हा छतावर सौर पाटी, आत पंखा, आणि हिंडायचे ते दिवाळी ते महाशिवरात्र. कलेक्टरसाहेबही तेच करत. ट्रेलर हे कायद्याने वेगळे वाहन असल्याने त्याची स्वतंत्र नोंदणी करावी लागते; ती सरांनी चिकाटीने करून घेतली. चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसायचे नाही, हा नियम काकूंनी दारावर चिकटवला आहे.

पहिला मुक्काम सरावाचा म्हणून एकरूख तलावाच्या बाजूला, एका माजी विद्यार्थ्याच्या शेतात ठरला. हा तलावही १८७१ सालचा. आम्ही संध्याकाळी भेटायला गेलो. वाटेवरच्या एका माणसाने मोटार पाहून चौकशी केली, प्राध्यापक आहेत म्हटल्यावर घरी जाऊन ताक पाठवून दिले. शंभर पावलांवर ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या होत्या. बीडकडची टोळी. दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन हे लोक निघतात, नवराबायकोचा मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. ट्रॉलीत भांडी, पीठ, सरपण, शेरडू आणि पोरे भरून येतात ते चार-सहा महिन्यांसाठी. आमच्या शेडमालकाने बनवल्यासारखीच एक ट्रॉली तिथे उभी होती. त्यांना कोणी ताक पाठवले नव्हते, आणि खरे सांगायचे तर ते आमच्याही उशिराच लक्षात आले.

त्यांच्यातली एक बाई पाण्याची घागर घेऊन जाताना थांबली. काकूंनी तिला दार उघडून आतले सगळे दाखवले : दुमडणारा पलंग, शेगडी, पंखा. तिने पलंगाची गादी दाबून पाहिली.

‘किती दिस ऱ्हायाचं हितं?’

‘आजची रात्र.’

‘आन् मंग?’

‘मग घरी,’ काकू म्हणाल्या.

‘घर सोडून ह्यात कशापायी ऱ्हायाचं?’ तिने विचारले. तिच्या आवाजात टोमणा नव्हता; तिला खरोखर जाणून घ्यायचे होते. काकूंनी गुडघ्यांचे सांगितले, हंपीचे सांगितले, मग काही सुचेनासे झाल्यावर तिला चहाला बसवले.

आम्ही सुचवलेला ‘बिऱ्हाडगाडी’ हा शब्द सरांना पसंत आहे. पण तो लिहून घ्यायला ते अद्याप गेलेले नाहीत. मागच्या पत्र्यावर सध्या एमएच १३ ने सुरू होणारा क्रमांक तेवढा आहे.