डार्ट्स : ‘५०१’चा डाव
ब्रिटनमधील पबांत रुजलेला नेमबाजीचा खेळ. फळीचा मध्य जमिनीपासून १.७३ मी. उंच असतो, खेळाडू २.३७ मी. अंतरावरून दर पाळीला तीन बाण फेकतो आणि मिळालेले गुण ५०१ मधून वजा करीत जातो. बाहेरच्या अरुंद कड्यात गुण दुप्पट, आतल्या कड्यात तिप्पट. अगदी केंद्राला ५०. फळीवरील वीस गुणांच्या भागाशेजारी १ आणि ५ गुणांचे भाग बसवले आहेत, म्हणून जरा नेम ढळला की मोठा फटका बसतो. खरी कसोटी शेवटी लागते. अखेरचा बाण दुपटीच्या कड्यात किंवा केंद्रातच लागून बरोबर शून्य व्हावे लागते; ४० उरले, तर विसाची दुप्पट. हिशेब चुकून गुण शून्याखाली गेले किंवा १ उरला, तर ती पाळीच रद्द. नऊ बाणांहून कमी बाणांत हा डाव संपू शकत नाही.