तेरचे कापड आणि अलेक्झांड्रियाचा गुरू

अलेक्झांड्रिया हे आज पन्नास लाखांहून अधिक वस्तीचे गजबजलेले बंदर आहे. समुद्रालगतच्या प्रशस्त रस्त्याने चालत गेले की पंधराव्या शतकातील कैतबे किल्ला लागतो. प्राचीन जगातील सुप्रसिद्ध दीपस्तंभ याच जागी होता. संत मार्कच्या या नगरीत यात्रेकरू म्हणून मी उभा होतो. पण खरे सांगायचे तर मला आठवले ते तेर.

तेर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील, गोरोबाकाकांचे गाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचे नाव ‘तगर’ असे येते. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या नगरातून साधे कापड आणि नाना तऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, बिकट वाटांनी भडोचला जाई. पुढे गलबतांतून तांबडा समुद्र, मग उंटांच्या पाठीवरून वाळवंट आणि शेवटी नाईलच्या प्रवाहातून अलेक्झांड्रिया! सोलापूरच्या मागावर ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना या मालाची यादी परकी वाटू नये.

याच वाटेने उलट दिशेस एक ख्रिस्ती गुरू आला, असे आपण अभिमानाने सांगतो. पँटेनस हा अलेक्झांड्रियाच्या धर्मशिक्षण विद्यालयाचा प्रमुख. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तो भारतीयांपर्यंत गेला आणि प्रेषित बार्थोलोम्यूने ठेवलेले मत्तयकृत शुभवर्तमान त्याला तेथे आढळले, ही हकीकत चौथ्या शतकात युसेबियसने नोंदवली. काही अभ्यासक हे स्थळ कोकणातील कल्याणजवळ मानतात. मीही प्रवचनांतून ते ठासून सांगत आलो.

आता तसे सांगवत नाही. त्या काळचे लेखक दक्षिण अरबस्तान व इथिओपिया यांनाही ‘इंडिया’ म्हणत. खुद्द युसेबियसही ‘असे म्हणतात’ एवढेच लिहितो. आपल्या श्रद्धेचे वय वाढवून सांगण्याचा मोह धर्मगुरूलाही होतो, मला झाला.

तथापि त्या नगरीला आपला देश ठाऊक होता, यात संशय नाही. पँटेनसचा शिष्य क्लेमेंट भारतीय रेशमाच्या हव्यासाला नावे ठेवतो आणि बुद्धाच्या अनुयायांचा उल्लेखही करतो. तेरच्या त्रिविक्रम मंदिराचा मागील अर्धवर्तुळाकार भाग मूळच्या बौद्ध चैत्याचा आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. कल्याणविषयी अधिक भक्कम साक्ष मिळते ती सहाव्या शतकात. अलेक्झांड्रियाचाच व्यापारी कॉस्मस ‘कल्लियाना’ येथे बिशप असल्याचे आणि त्याची दीक्षा पर्शियात होत असल्याचे लिहितो. अनेक विद्वान या कल्लियानालाच आपले कल्याण समजतात.

धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना तेरचे लामतुरे वस्तुसंग्रहालय दाखवावे, असे मनात आहे. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीपुढे पँटेनसची गोष्ट मी जरूर सांगेन; सुरुवात मात्र युसेबियससारखीच करीन.