‘कपिलधार’ : आधी प, मग वेलांटी

१/६
बीड जिल्ह्यातील मांजरसुंब्याजवळचे कपिलधार हे संत मन्मथस्वामींचे समाधिस्थान. वीरशैव तत्त्वज्ञान त्यांनी ‘परमरहस्य’ ग्रंथात मराठी ओवीतून मांडले. ज्ञानाने लोकांच्या भाषेत यावे, ही अपेक्षा पुढे संगणकाकडूनही झाली.

२/६
टंकलेखन यंत्रावर ‘कपिलधार’ लिहिताना ‘पि’ उलटा उमटवावा लागे: आधी ऱ्हस्व वेलांटी, मग प. यंत्राला अक्षराचा केवळ आकार ठाऊक होता. जीभ मात्र आधी प उच्चारते.

३/६
१९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक प्रमाणित केला. १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकातही त्याला स्थान मिळाले. त्यावर आधी प, मग वेलांटी. ती योग्य जागी मांडण्याचे काम संगणकाचे.

४/६
स्वर डाव्या हाताशी, व्यंजने मुख्यत्वे उजव्या हाताशी. द आणि ध एकाच कळीवर. शिफ्ट दाबताच अल्पप्राणाचा महाप्राण होतो. क-ख, त-थ, प-फ यांचेही तसेच. उच्चारस्थानांनुसार रचलेली प्राचीन वर्णमाला या मांडणीचा आधार ठरली.

५/६
म्हणूनच ही मांडणी एका लिपीपुरती राहिली नाही. कार्तिकी यात्रेला कपिलधारला कर्नाटकातूनही भाविक येतात. ज्या कळांनी हे नाव मराठीत लिहावे, त्याच कळांनी ते कन्नडमध्येही उमटते.

६/६
युनिकोडनेही देवनागरीसाठी उच्चारक्रमच स्वीकारला. आज फोनला बोलून सांगितलेले ‘कपिलधार’ही त्याच क्रमाने साठते. बोलणाऱ्याने यंत्रासाठी आपली भाषा उलटी करायची नाही, हा निर्णय त्याआधीच झाला होता.