रक्ताच्या बीजाची खूण

मार्च १९८३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. मज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतला मऊ गर. आपले रक्त तिथे तयार होते, ते मोजक्या मूळपेशींपासून. दात्याच्या त्या पेशी रुग्णाच्या हाडांत रुजल्या. मात्र दिलेल्या मज्जेतली नेमकी मूळपेशी कोणती, हे तेव्हा जगात कुणालाच बोट ठेवून सांगता आले नसते.

मूळपेशी असतात, हे टोरांटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकुलॉक यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले होते. अडचण ओळखण्याची होती. सूक्ष्मदर्शकाखाली ही पेशी एखाद्या साध्या लहान पांढऱ्या पेशीसारखीच दिसते.

वाट सापडली ती प्रतिपिंडांमुळे. प्रतिपिंड ठरावीक खुणेलाच चिकटते. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची युक्ती शोधली. त्यांना चमकणारा रंग जोडला, की खूण असलेली पेशी लेसरच्या झोतात उजळते. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या कर्ट सिव्हिन यांच्या गटाने अशी एक खूण जाहीर केली. तिला पुढे ‘सीडी ३४’ हे नाव मिळाले. १९८८ मध्ये स्टॅनफर्डच्या अर्विंग वाइसमन यांच्या गटाने काही खुणा असलेल्या आणि काही नसलेल्या पेशी निवडून उंदराच्या मूळपेशी वेगळ्या काढल्या.

आज दात्याच्या रक्तातून पेशी गोळा करताना ही खूण मोजतात. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे निदान २० लाख सीडी ३४ पेशी हव्यात, असा सर्वसाधारण दंडक आहे. आकडा कमी भरला, तर दात्याला पुन्हा यंत्राला जोडावे लागते.

तरीही ही खूण धारण करणाऱ्या बहुतेक पेशी खऱ्या मूळपेशी नसतात. त्या त्यांच्या लेकी-नाती असतात. उलट काही अस्सल मूळपेशींवर ही खूण आढळत नाही. भाईंदरच्या लोकलमध्ये माझे नाव ऐकून ‘तुम्ही मराठीत कविता लिहिता?’ असे विचारणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो. खुणेने शोध सोपा होतो. अखेरची परीक्षा मात्र जुनीच आहे : परक्या हाडांत ती पेशी रुजते का, आणि वर्षानुवर्षे रक्त पुरवते का?