जकात नाक्याच्या अलीकडं

आमच्या आबांच्या लेखी कोल्हापूर जकात नाक्यावर सुरू व्हायचं. पाचगावातनं बैलगाडीत गुळाचे रवे घालून शाहूपुरीला निघालं की नाक्यावर थांबणं आलंच. एकदा म्हणे कारकुनानं आधी काकवी चाखली, मग निवांत पावती फाडली. आज्जीच्या मते ती काकवी नव्हती, तूप होतं. खरं काय ते दोघांबरोबर गेलं.

१५ डिसेंबर १९७२ ला कोल्हापूरची महापालिका झाली. हद्द मात्र जुन्या नगरपालिकेचीच, जेमतेम ६७ चौरस किलोमीटर. तेव्हापासून ‘हद्दवाढ’ हा शब्द आमच्या पारावर मुक्कामालाच आला. कायद्यानं हद्द वाढवायचा अधिकार राज्य सरकारचा, पण आधी हरकती मागवायला लागतात. आणि हरकत घ्यायला आमची गावं कधी मागं राहिली?

“घरफाळा वाढंल, रानावर आरक्षण पडंल,” आबा तंबाखू मळत म्हणायचे. “सरपंचाला दारातनं हाक मारता येती. नगरसेवकाला कुठं हुडकायचा?”

शहरातल्या पाहुण्यांचंही खोटं नव्हतं. “केएमटीच्या बसनं फिरता, बाजारहाट आमच्यात, मग फाळा भरायला का नको?” यावर आज्जीकडं उत्तर तयार असायचं. पंचगंगेच्या स्मशानात कोल्हापूरकर शेणींवर जळतात, आणि त्या शेणी बऱ्याचशा खेड्यांतनं जातात. “तुमची शेवटची सोयबी आमच्या म्हशीच करत्यात,” असं ती जेवणाच्या पंगतीत, तांबडा रस्सा वाढता वाढता सांगायची. पाहुण्याचा घास हातातच राहायचा.

२०१६ ला अठरा गावं हद्दीत घ्यायचा विषय ऐरणीवर आला. इकडं गावं बंद, तिकडं शहर बंद. शेवटी २०१७ ला सरकारनं मधला मार्ग म्हणून बेचाळीस गावांचं वेगळं प्राधिकरण काढलं. गावं हद्दीबाहेर राहिली, आम्ही जिंकलो म्हणायचं.

पण आबांच्या उसाच्या फडात आता चार मजली अपार्टमेंट आहे. ते काही महापालिकेनं बांधलं नाही. सातबाऱ्यावरच्या सगळ्यांनी राजीखुशीनं सह्या केल्या. हद्द राखायला मोर्चे निघाले, रान राखायला एकही निघाल्याचं मला आठवत नाही. धाकटे काका तिथंच दुसऱ्या मजल्यावर राहतात, फाळा ग्रामपंचायतीत भरतात, दूध पिशवीचं घेतात आणि हद्दवाढीचं नाव काढलं की अजून आबांच्याच आवाजात भांडतात.