जुळाऱ्यांच्या संघाने छापलेले पुस्तक

अक्षररचना शिकणारी एक विद्यार्थिनी दोन वर्षांपूर्वी आमच्या संघटनेच्या कचेरीत आली. एखादे जुने पत्रक घेऊन ते नव्याने रचावे, असा अभ्यास तिला वर्गात नेमून दिला होता. आमची पत्रके कशी असतात हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. माथ्यावर मूठ, मध्यभागी जाड मथळा, आणि खाली मागण्यांची अशी दाटी की शेवटची मागणी वाचून होईतो पाळीचा भोंगा व्हावा. तिने हसू आवरले आणि पिशवीतून एक इंग्रजी पुस्तक काढले. यान चिखोल्ट या जर्मन लेखकाच्या 'नवी मुद्रणरचना' या पुस्तकाचे १९९५ साली निघालेले ते भाषांतर होते. ही कलावंतांची क्रांती, असे तिला शिकवले होते. पुस्तक हाती आले की आधी प्रकाशकाचे नाव पाहायचे, ही आमची जुनी खोड. मूळ पुस्तक १९२८ साली बर्लिनमध्ये निघाले आणि ते काढणारी संस्था होती जर्मन मुद्रकांचा शिक्षण-संघ. येथे मुद्रक म्हणजे छापखान्याचे मालक नव्हेत. खिळे जुळवणारे आणि यंत्रावर उभे राहणारे कामगार. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या माणसाला हे नाव वाचून काय वाटले असेल, याची कल्पना आपण करावी. त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

जर्मनीतील छापखान्यांचे कामगार १८६६ साली लायप्झिग येथे संघटित झाले, आणि १८७३ साली त्यांनी साऱ्या देशासाठी मालकांशी वेतनाचा सामुदायिक करार केला. त्या काळी असा करार पदरात पाडून घेणे ही लहान गोष्ट नव्हे. हा धंदाच वाचणाऱ्यांचा. जुळारी दिवसभर दुसऱ्याचे शब्द उलट्या अक्षरांत जुळवतो, त्यातले काही डोक्यात राहतेच. म्हणून वेतनाच्या लढ्याला जोडून त्यांनी शिक्षणाचा उद्योग आरंभला, मासिक चालवले, आणि १९२४ साली गुटेनबर्गच्या नावाने एक ग्रंथमंडळ काढले. सभासदाने ठरावीक वर्गणी भरायची आणि चांगली छापलेली, चांगली बांधलेली पुस्तके स्वस्तात घ्यायची. बी. ट्रावेन या लेखकाच्या कादंबऱ्या जर्मन वाचकांपर्यंत पोहोचल्या त्या या मंडळामार्फत.

आता चिखोल्टकडे वळू. जन्म १९०२, गाव लायप्झिग, बाप पाट्या रंगवणारा. पोराने सुंदर हस्ताक्षर कमावले, जुनी वळणे घोटली. १९२३ साली तो वायमार येथे बाउहाउस या कलाशाळेचे प्रदर्शन पाहायला गेला आणि पार बदलून परतला. ते वर्ष जर्मनीत भयंकर महागाईचे होते. थुरिंगिया राज्याच्या बँकेला तातडीने नोटा हव्या होत्या, त्यांची रचना बाउहाउसच्या हर्बर्ट बायर या विद्यार्थ्याकडे सोपवण्यात आली. वेलबुट्टी नाही, राजमुद्रेचा थाट नाही. ठसठशीत अक्षरे, आकडा आणि रंगाची पट्टी. दहा लाख मार्कांची नोट, वीस लाखांची नोट! त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एक लाख कोटी जुने मार्क देऊन एक नवा मार्क मिळू लागला. विद्यार्थ्याच्या अभ्यासाला इतकी मोठी आणि इतकी अल्पायुषी किंमत क्वचितच आली असेल.

१९२५ च्या ऑक्टोबरात शिक्षण-संघाच्या मासिकाने आपला सबंध अंक या तेवीस वर्षांच्या तरुणाच्या हाती दिला. अंकात रशियातील आणि बाउहाउसमधील मंडळींची कामे होती, छपाई लाल आणि काळ्या शाईत. एरवी त्या मासिकात कारागिरीचे धडे यायचे. त्यात एकदम हे! चर्चा कडाक्याची झाली. पण आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, हा वाद रसिकांच्या दिवाणखान्यात झाला नाही, तो खिळ्यांच्या पेट्यांपाशी झाला.

वाद कशाचा होता? जुन्या पद्धतीत गिऱ्हाइकाने मजकूर टाकून जायचा आणि जुळाऱ्याने प्रत्येक ओळ मध्यावर बसवायची, दोन्ही बाजूंस सारखे शिसे भरून. मजकुराचा अर्थ काहीही असो, आकृती फुलदाणीची झाली पाहिजे. चिखोल्ट म्हणे, जे महत्त्वाचे ते मोठे, जे आधी वाचायचे ते आधी. मग तोल आपोआप एका अंगाला झुकला तरी झुकू द्या. कोरी जागा ही उरलेली जागा नव्हे, तीही रचनेचाच भाग. अक्षरे साधी, शेपट्यांवाचून. बाउहाउसने तर १९२५ पासून मोठी अक्षरेच सोडून दिली. बोलताना आवाज एकच, मग लिहिताना अक्षरे दोन जातींची का? जर्मन भाषेत प्रत्येक नामाला मोठे अक्षर लागते, तेव्हा हा प्रश्न तेथे घरोघर टोचणारा होता. (आपल्या देवनागरीला ही अडचण नाही, आपल्या जुळाऱ्याचा हात मोडत असे तो जोडाक्षरांनी.)

शाळेचे नाव घ्यायचे तर म्युनिकचे घ्यावे. पाउल रेनर यांनी चिखोल्टला १९२६ साली तेथे शिकवायला बोलावले आणि १९२७ साली मुद्रकांसाठी उच्च शाळा उघडली. विद्यार्थी कोण? छापखान्यातील उमेदवारी पुरी केलेले तरुण. त्यांचे अभ्यास म्हणजे पत्राचा कागद, पाकीट, भेटीचे कार्ड, जाहिरात, हस्तपत्रक. १९२८ च्या पुस्तकाचा मोठा भाग याच वस्तूंनी भरला आहे. कागदाची जी मापे जर्मनीत १९२२ साली ठरली, ती त्यात पायाशी धरली आहेत. २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा ताव अर्धा दुमडला तरी लांबी-रुंदीचे प्रमाण तेच राहते. आपल्या कचेऱ्यांतून आज अर्ज ज्या ए-चार कागदावर जातात, तो हाच. खुद्द ते पुस्तक त्याच्या अर्ध्या मापाचे, ए-पाच.

इंग्रजी भाषांतरात पुस्तक 'आधुनिक डिझायनरांसाठी' आहे असे म्हटले आहे. मूळ जर्मन शब्द आहे 'शाफेंडे', म्हणजे जे काही घडवतात, राबतात ते सारे. भाषांतरकाराला दोष द्यावा असे नाही. पण त्या एका शब्दाच्या जागी कामगार पुस्तकाबाहेर गेला आणि डिझायनर आत आला.

मात्र येथे आम्हांस आमच्याच बाजूने खोटे बोलून चालणार नाही. तो बदल भाषांतरात झाला त्याच्या पुष्कळ आधी छापखान्यात झाला होता. नवी रचना आधी कागदावर आखून घ्यावी लागे, आणि जो आखतो तोच ठरवतो. जुन्या फुलदाणीत जुळाऱ्याच्या मर्जीला जी जागा होती, ती या आखणीने काढून घेतली. पुढे १९४७ ते १९४९ या काळात चिखोल्टने इंग्लंडात पेंग्विन पुस्तकांची घडी बसवली. तेथे त्याने जुळाऱ्यांसाठी नियम छापून काढले, आणि मोठ्या अक्षरांतील अंतरे नजरेने सारखी करा, अशी सूचना वारंवार लिहावी लागे म्हणून तिचा रबरी शिक्काच करून घेतला. पुस्तके सुरेख झाली यात शंका नाही. पण ज्यांना उद्देशून पंचवीस साली तो बोलला, त्यांच्याच कामावर आता शिक्के उठत होते. संघाने आपल्याच हाताने आपल्या डोक्यावर माणूस बसवला काय? आम्ही यावर पुष्कळ विचार केला आहे. आखणी शिकण्याची वाट संघाने कामगारालाच उघडून दिली होती, आणि ती वाट चालायला त्यांना पुरती आठ वर्षेही मिळाली नाहीत, एवढे तरी ध्यानात घेतले पाहिजे.

१९३३ च्या मार्चमध्ये नाझींनी चिखोल्टला पकडले, एप्रिलमध्ये रेनर यांना. २ मे रोजी देशभरच्या कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेण्यात आल्या. बर्लिनचे मुद्रककामगारांचे भवनही त्यांतच गेले. चिखोल्ट काही आठवड्यांनी सुटला आणि स्वित्झर्लंडमध्ये बाझल येथे गेला. १९४६ साली एका वादात त्याने कबूल केले की, आपल्या तरुणपणीच्या मताचा तो एकांतिक हट्ट नाझींच्या हुकमी वृत्तीशी नाते सांगणारा होता. स्वतःविरुद्ध इतके स्पष्ट लिहिणारी माणसे आमच्या चळवळीत थोडी.

त्या विद्यार्थिनीने पत्रक करून आणले. माप ए-पाच, मागण्या डाव्या कडेने, उजवा तिसरा हिस्सा कोरा. एवढी जागा फुकट का घालवली, असे सभासदांनी विचारलेच. आम्ही तसेच छापून गेटावर वाटले. दुसऱ्या दिवशी त्यातली पंधरा-वीस पत्रके परत आली. कोऱ्या जागेत पेनाने आणखी मागण्या लिहिलेल्या होत्या, त्यांतल्या दोन आमच्या यादीत नव्हत्या.