सुगरण, खोपा आणि पाहणारा डोळा

मराठीत या पाखराला आपण सुगरण म्हणतो, आणि त्या एका शब्दात त्याच्या संसाराचा सगळा निकाल लावून टाकतो. शब्द स्त्रीलिंगी, तेव्हा खोपा विणणारी तीच, अंडी उबवणारी तीच आणि पिलांना भरवणारीही तीच. ऑगस्टमधील एका सकाळी यवतमाळहून पांढरकवड्याकडे जाताना विहिरीवर झुकलेल्या बाभळीपाशी आम्ही थांबलो, तेव्हा आमच्याही मनात हीच समजूत होती. अर्ध्या तासात ती डळमळली. गवताची पाती आणून विणत होती ती पिवळ्या डोक्याची पाखरे; आणि विणीच्या हंगामात असे पिवळे डोके नराचे असते.

हा उलगडा अर्थातच आमचा नव्हे. १९३० साली बर्लिनहून परतलेल्या सालिम अलींची मुंबईच्या संग्रहालयातील जागा पैशाअभावी रद्द झाली होती. बेकारीच्या त्या दिवसांत ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. त्या पावसाळ्यात त्यांनी ती चिकाटीने निरखली आणि १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिच्यावर निबंध लिहिला. नर खोपा अर्धा विणून थांबतो. माद्या येऊन तो पारखतात. एखादीने पसंत केला, तर तो लांब नळीसकट पूर्ण होतो. ती अंडी घालून उबवू लागली, की नर दुसरा खोपा आणि दुसरी मादी यांच्या मागे लागतो. अर्धवट लोंबणारे खोपे नराच्या विश्रांतीसाठी असतात, ही जुनी समजूत या निरीक्षणापुढे टिकली नाही. ते नाकारले गेलेले किंवा अजून पसंतीची वाट पाहणारे खोपे होते.

मग बहिणाबाई चौधरींचे (१८८०–१९५१) काय करायचे? त्यांची गाणी १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली, आणि सुगरणीच्या खोप्यावरची त्यांची कविता शाळेच्या वाटेने घरोघरी पोहोचली. त्या कवितेत खोप्याची कारागीर आईच आहे. शास्त्राच्या कसोटीवर ही चूक म्हणून कविता निकालात काढणे सोपे आहे. आम्हांला ते उतावीळपणाचे वाटते. पसंत केलेल्या खोप्याचे आतले अस्तर मादीच नीट करते. अंडी ती एकटीच उबवते आणि पिलांच्या चोचीत किडे भरवण्याचा बहुतेक भारही तीच वाहते. खानदेशच्या शेतात राबणाऱ्या, लवकर वैधव्य आलेल्या बाईला या दृश्यात काय दिसले असेल, हे वेगळे सांगायला नको. सालिम अलींनी विणकर पाहिला, बहिणाबाईंनी पिलांकरिता चाललेली धडपड पाहिली. दोघांचेही पाहणे दारातले होते, उसने नव्हते. फसवले ते भाषेने. तिने एका लिंगाचे नाव दिले आणि आपण पुढे पाहणेच थांबवले.

साहित्याच्या वर्गात ही कविता शिकवताना म्हणूनच एक पावसाळी सकाळ खोप्याखाली घालवावी, असे आम्हांला सुचवावेसे वाटते. कवितेची परीक्षा घेण्यासाठी नव्हे. नाव आणि वस्तू यांत किती अंतर असते, ते कळण्यासाठी.

यवतमाळात या पाहण्याला आणखी एक संदर्भ आहे. सुगरण दाणे टिपणारे पाखरू असले, तरी तिची पिले वाढतात ती मुख्यतः किड्यांवर. आणि पिले वाढण्याचे महिने तेच कपाशीवरील फवारणीचे महिने. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याच शिवारांतून सुगरणींनी पिलांसाठी किती किडे आणले, कसले आणले, याचा हिशेब कोण ठेवणार? बहिणाबाईंनी माणसाला पाखराकडून शिकायला सांगितले होते. आज निदान त्याच्याकडे नीट पाहण्याइतके तरी आपल्याला जमले पाहिजे.